तळटिपेआड दडलेली थाप: विकिपीडियावरचे बनाव कसे टिकतात आणि कसे उघडे पडतात

इंग्रजी विकिपीडियावर जुलै २००७ मध्ये ‘बिचोलिम (म्हणजे डिचोली) संघर्ष’ नावाचा एक लेख आला. १६४० ते १६४१ या काळात मराठा साम्राज्य आणि गोव्यातले पोर्तुगीज यांच्यात डिचोलीच्या परिसरात युद्ध झालं आणि ते तहाने मिटलं, असं त्यात सुमारे साडेचार हजार शब्दांत सांगितलेलं होतं. त्याच वर्षी लेखाला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला. असं युद्ध कधी झालंच नव्हतं. लेख हटवला गेला तो डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे जवळपास साडेपाच वर्षांनी.

मराठी वाचकाला यातली गोम पहिल्याच ओळीत कळते. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. १६४० मध्ये ते दहा वर्षांचे होते, राज्याभिषेकाला अजून ३४ वर्षं होती आणि डिचोली आदिलशाहीत होती. लढायला ‘मराठा साम्राज्य’ मुळात अस्तित्वातच नव्हतं. मग दर्जा देणाऱ्यांच्या नजरेतून हे निसटलं कसं? याचं उत्तर नीट समजून घेतलं, तर विश्वकोशातल्या थापांचं बहुतेक सगळं तंत्र हाती लागतं.

‘चांगला लेख’ ठरवताना एखादा स्वयंसेवक संपादक लेख निकषांवर तपासतो. भाषा सुबोध आहे का, मांडणी नीट आहे का, सूर तटस्थ आहे का, महत्त्वाच्या विधानांना संदर्भ आहेत का. या लेखात हे सगळं होतं. तळटिपांत पुस्तकांची नावं होती, पृष्ठक्रमांक होते. छापील पुस्तक हाताशी नसलं तरी लिहिणाऱ्याच्या हेतूवर भरवसा ठेवायचा, असा विकिपीडियाचा संकेत आहे. तो संकेत योग्यच आहे, कारण जगातलं कितीतरी पक्कं ज्ञान आजही फक्त छापील पुस्तकांत आहे. पण या लेखाने नेमका त्याच भरवशाचा आडोसा घेतला. २०१२ मध्ये एका संपादकाने ती पुस्तकं एकेक करून शोधायला घेतली, तेव्हा मुख्य संदर्भग्रंथ कुठल्याच ग्रंथालयाच्या सूचीत सापडेनात. ते कधी लिहिलेच गेले नव्हते. त्या संपादकाने फार काही वेगळं केलं नाही. तळटीप आहे एवढ्यावर न थांबता ती जिथे बोट दाखवते तिथपर्यंत तो गेला, इतकंच.

आरडाओरडा करणारी थाप लवकर मरते

अमेरिकी विनोदी कलाकार स्टीफन कोल्बेर यांनी ३१ जुलै २००६ च्या कार्यक्रमात प्रेक्षकांना सांगितलं की विकिपीडियावर जाऊन लिहा, आफ्रिकेतल्या हत्तींची संख्या गेल्या सहा महिन्यांत तिप्पट झाली. लोकांनी लिहिलंही. संपादकांनी ते पुसलं आणि हत्तींची पानं कुलूपबंद केली. एकाच वेळी अनेकांनी एकाच पानावर एकच वाक्य टाकलं की ते लपत नाही. शिवीगाळ, मित्राचं नाव घुसवणं, अख्खं पान पुसून टाकणं यांचंही तसंच. मराठी विकिपीडियावर या प्रकाराला ‘उत्पात’ म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे.

उत्पात अडवायला चार गाळण्या एकाखाली एक लावलेल्या असतात. पहिली यांत्रिक: संपादन जतन होण्याआधीच ठरावीक नमुने ओळखून ते अडवणारी किंवा त्यावर खूण करणारी. दुसरी सांगकाम्यांची. सांगकाम्या म्हणजे आपोआप चालणारी आज्ञावली. इंग्रजी विकिपीडियावर २०१० च्या अखेरीपासून ‘क्लूबॉट एनजी’ नावाचा सांगकाम्या काम करतो. त्याला आधी माणसांनी चांगली-वाईट ठरवलेली हजारो संपादनं दाखवून शिकवलेलं आहे, आणि उघड खोडसाळपणा तो काही सेकंदांत उलटवतो. प्रामाणिक माणसाचं काम चुकून उलटवलं जाण्याचं प्रमाण अगदी कमी, हजारात एकाच्या आसपास, राहावं अशा बेताने त्याची आखणी केलेली आहे. त्याची किंमत अशी की जरा शंका असेल तिथे तो हात लावत नाही, आणि खोडसाळ बदलांपैकी मोठा वाटा पुढच्या गाळणीकडे जातो. तिसरी गाळणी ‘अलीकडील बदल’ या पानावर डोळ्यांत तेल घालून बसलेल्या माणसांची. चौथी त्या-त्या विषयात रस असलेल्यांची, ज्यांनी ते पान आपल्या निरीक्षणसूचीत ठेवलेलं असतं.

मेरीलँड आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये विकिपीडियावरच्या हजारो बनावट लेखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की सुमारे ९० टक्के बनावट लेख तासाभराच्या आत ओळखले जातात, आणि वर्षाहून जास्त टिकतात ते फक्त एक टक्का. पण हा एक टक्काच त्रासदायक ठरतो, कारण तो दिसायला खऱ्या लेखासारखा असतो आणि बाहेरची संकेतस्थळंही त्याला जोडून घेतात. याच अभ्यासात लोकांना एक खरा आणि एक खोटा लेख जोडीने दाखवला. डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्म्या वेळा उत्तर बरोबर येणार. वाचून ठरवणाऱ्यांचं ६६ टक्के वेळा बरोबर आलं. संगणकाने मात्र ८६ टक्के वेळा ओळखलं. माणसं लेख किती लांब आणि किती टापटीप आहे यावर गेली. संगणकाने बाहेरच्या खुणाही पाहिल्या: लेख तयार होण्याआधी इतर लेखांत या विषयाचा उल्लेख होता का, या लेखातून इतर लेखांना किती दुवे जातात, तो तयार करणारा सदस्य किती जुना आहे. खरी गोष्ट जगात एकटी उभी नसते. तिला शेजारीपाजारी असतात, ती कुठे ना कुठे आधी उल्लेखलेली असते. बनावट लेखाला असा शेजार नसतो.

लहानसा, कंटाळवाणा बदल

जास्त धोका असतो तो ज्याकडे लक्षच जाणार नाही अशा बदलाचा. प्रत्येक पानाच्या वर ‘इतिहास’ नावाचा दुवा असतो. तो उघडला की पानावरचा प्रत्येक बदल ओळीने दिसतो: वेळ, सदस्याचं नाव, बदलाचा सारांश, आणि कंसात एक आकडा. पान किती बाइटने वाढलं किंवा घटलं ते हा आकडा सांगतो. गस्त घालणारे याच आकड्यांवरून नजर फिरवतात. उणे चार हजार दिसलं की कोणीतरी मजकूर उडवला. अधिक बारा हजार दिसलं की कोणीतरी कुठून तरी उतरवून चिकटवलं. पण १८५७ चं १८७५ केलं तर आकडा काय येईल? शून्य. अंकांची संख्या तीच, फक्त जागा बदलल्या. साल, लोकसंख्या, धावसंख्या, पर्वताची उंची यांतले असे शून्य-बाइटचे बदल सगळ्यात जास्त निसटतात, कारण यंत्राला त्यात वावगं काही दिसत नाही आणि माणसाला मूळ आकडा पाठ नसतो.

देवनागरीत हा आकडा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. रोमन लिपीतलं एक अक्षर एका बाइटात मावतं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. ‘विल्हेल्म’ हे नाव रोमन लिपीत सात बाइटचं. देवनागरीत त्यात नऊ चिन्हं आहेत, म्हणजे २७ बाइट. त्यामुळे मराठी पानावर अधिक २७ दिसलं तर तो परिच्छेद नसून जेमतेम एक शब्द असतो.

विल्हेल्म हे उदाहरण हवेतून आलेलं नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग जर्मनीचे अर्थमंत्री होणार अशी बातमी आली. त्यांना मुळात दहा नावं. कोणीतरी निनावी सदस्याने जर्मन विकिपीडियावरच्या त्यांच्या लेखात मध्येच अकरावं ‘विल्हेल्म’ घुसवलं. दहा नावांच्या माळेत एक मणी जास्त झाला तर कोण मोजतो? मोठमोठ्या वृत्तपत्रांनी आणि संकेतस्थळांनी अकरा नावं छापली. नंतर विकिपीडियावर कोणीतरी विचारलं, विल्हेल्मला आधार काय? तर आधार म्हणून एका नामांकित साप्ताहिकाच्या संकेतस्थळावरची बातमी दाखवली गेली, जी मुळात विकिपीडियावरूनच उचललेली होती.

थाप स्वतःच स्वतःची साक्षीदार होते तेव्हा

हा फेरा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण विश्वकोशाचं सर्वांत खोल नुकसान इथेच होतं. विकिपीडियावर संदर्भ नसलेलं वाक्य येतं. घाईत असलेला पत्रकार किंवा लेखक ते उचलतो, कुठून घेतलं ते सांगत नाही. महिन्याभराने एखादा प्रामाणिक संपादक त्या वाक्याला संदर्भ शोधतो, त्याला ते वृत्तपत्रात सापडतं, आणि तो तळटीप जोडतो. यात त्याने नियम मोडलेला नसतो, उलट निष्ठेने पाळलेला असतो. आता ते वाक्य विश्वसनीय दिसतं, म्हणून आणखी लोक ते उचलतात. ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेत २०११ मध्ये या फेऱ्याला ‘सायटोजेनेसिस’ हे नाव मिळालं आणि ते रूढ झालं. मराठीत याला स्वयंभू संदर्भ म्हणता येईल.

कोआटी हा रॅकूनच्या कुळातला, लांब नाकाचा प्राणी. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्याने त्याच्या लेखात गमतीने लिहिलं की याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असंही म्हणतात. असं कोणी म्हणत नव्हतं. पुढच्या सहा वर्षांत हे नाव वृत्तपत्रांत आलं, पुस्तकात आलं, आणि लेखाला त्याची तळटीपही लागली. २०१४ मध्ये प्रकरण उघड झालं तेव्हा अवघड प्रश्न उभा राहिला: आता लोक खरोखरच हे नाव वापरतात, मग ते खोटं म्हणायचं की खरं?

मार्च २००९ मध्ये फ्रेंच संगीतकार मॉरिस झार यांचं निधन झाल्यावर काही तासांतच डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने त्यांच्या लेखात एक काव्यात्म वाक्य त्यांच्या तोंडी घातलं. विकिपीडियाच्या संपादकांनी संदर्भ नाही म्हणून ते काढलं. त्याने पुन्हा घातलं. मध्ये ते जितका वेळ पानावर राहिलं तेवढ्यात अनेक देशांतल्या वृत्तपत्रांनी मृत्युलेखांत ते छापलं. जवळपास महिनाभर कोणालाच काही खटकलं नाही. शेवटी त्या विद्यार्थ्याने स्वतःच वृत्तपत्रांना कळवलं आणि ब्रिटनच्या ‘गार्डियन’ने दुरुस्ती प्रसिद्ध केली. या प्रकरणात विश्वकोशाची व्यवस्था बऱ्यापैकी चालली आणि वृत्तपत्रांची चालली नाही, हे विसरता कामा नये. मृत्यूची बातमी आल्यानंतरचे पहिले काही तास कुठल्याही चरित्रलेखावर सर्वांत कमी भरवसा ठेवावा.

दीर्घायुषी बनाव

ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचा एक देव म्हणून ‘जार’एडो वेन्स’ या नावाचा दोन-तीन वाक्यांचा लेख मे २००५ मध्ये आला आणि मार्च २०१५ मध्ये हटला. नावातला अवतरणासारखा तुकडा काढून जागा सरकवली की ते ‘जॅरेड ओवेन्स’ असं साधं इंग्रजी नाव होतं. पावणेदहा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. दरम्यान हा देव एका छापील पुस्तकातल्या देवांच्या यादीत जाऊन बसला होता. असे लेख टिकतात कारण ते छोटे असतात, त्यांना वाचक नसतात आणि ते कोणाला दुखावत नाहीत. पण ज्या समाजाच्या श्रद्धांबद्दल बाहेर आधीच फार थोडं लिहिलं गेलं आहे, त्याच्या नावावर एक खोटा देव दहा वर्षं फिरावा, यात निरुपद्रवी काय आहे?

दुसरं टोक चिनी विकिपीडियाचं. ‘झेमाओ’ या नावाने लिहिणाऱ्या एका महिलेने सुमारे दहा वर्षांत मध्ययुगीन रशियाच्या इतिहासावर २०६ बनावट लेख लिहिले. काशीन इथली चांदीची खाण, तिच्यावरून झगडणारी संस्थानं, लढाया, राजपुत्र, सगळं एकमेकांत गुंफलेलं. २०२२ मध्ये एका चिनी कादंबरीकाराने लिखाणासाठी माहिती शोधताना त्या खाणीचा माग काढला. रशियन जाणणाऱ्यांना विचारलं, तर दिलेल्या संदर्भांत तसलं काही नव्हतंच. झेमाओ रशियन इतिहासाच्या अभ्यासक असल्याचं सांगत असत. प्रत्यक्षात त्यांना रशियन येत नव्हतं. माफीनाम्यात त्यांनी सांगितलं की भाषांतर-यंत्राने समजलं नाही तिथे कल्पनेने भरलं, आणि एक थाप सांभाळायला दुसरी लागत गेली. इथे आडोसा होता परक्या भाषेचा. वाचणाऱ्यांपैकी जवळपास कोणालाच न येणाऱ्या भाषेतली तळटीप ही न उघडलेल्या पुस्तकासारखीच असते. शिवाय त्यांनी दुसऱ्या नावांची खाती काढून स्वतःच्याच लेखांना दुजोरा दिला होता. शेजार नसतो म्हणून बनाव ओळखू येतो असं वर म्हटलं. इथे शेजारही बनवलेला होता.

काही थापांत गंमतीचा लवलेशही नसतो. वॉर्सातल्या नाझी छळछावणीत विषारी वायूने दोन लाख पोलिश लोक मारले गेले, हा निराधार दावा इंग्रजी विकिपीडियावर २००४ पासून सुमारे पंधरा वर्षं राहिला. खऱ्या बळींच्या इतिहासावर केलेला तो अन्याय होता.

जिवंत माणसांच्या बाबतीत नुकसान आणखी थेट असतं. मे २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सीगेनथेलर यांच्या लेखात कोणीतरी लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. खरं तर ते रॉबर्ट केनेडींचे सहकारी होते आणि त्यांच्या अंत्ययात्रेत खांदेकरी होते. मजकूर चार महिने तसाच होता. लिहिणाऱ्याने पुढे सांगितलं की सहकाऱ्याची गंमत करायला लिहिलं होतं. सीगेनथेलर यांनी नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रात लेख लिहिला. डिसेंबर २००५ पासून इंग्रजी विकिपीडियावर नोंदणी न करता नवा लेख तयार करणं बंद झालं, आणि जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळं कडक धोरण आलं: बदनामीकारक आणि संदर्भ नसलेला मजकूर चर्चेची वाट न पाहता लगेच काढायचा.

मग विनोदाला जागा कुठे

विकिपीडियावर हसायला बंदी आहे असा समज यातून होऊ नये. बंदी आहे ती वाचकाला फसवण्याला. लेखाचं पान वाचकाचं असतं, पण त्याभोवती चर्चा पानं, सदस्य पानं, प्रकल्प पानं आणि मराठी विकिपीडियावरची चावडी असा मोठा पसारा आहे. तिथे संपादक आपसांत मनसोक्त थट्टा करतात. थट्टेच्या निबंधांवर ‘हे गमतीचं पान आहे’ अशी पाटी लावलेली असते. पूर्वी इंग्रजी विकिपीडियावर काढून टाकलेले चांगले विनोद जपून ठेवणारं एक खास पानही होतं. नव्या माणसाला काहीही गिरवून बघायचं असेल तर धूळपाटी आहे. ज्यांना विश्वकोशाच्या सुरात पूर्ण खोटंच लिहायचं आहे, त्यांच्यासाठी जानेवारी २००५ पासून ‘अनसायक्लोपीडिया’ नावाचं विडंबन चालू आहे, आणि तिथे कोणी फसत नाही.

सगळ्यात सुंदर विनोद मात्र खऱ्याच मजकुराचा होतो. १ एप्रिल २००७ रोजी इंग्रजी विकिपीडियाच्या मुखपृष्ठावर जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावरचा लेख झळकला. त्यातले वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष नव्हते. झटपट विरघळणाऱ्या कॉफीचा धंदा उभारणारे, त्याच नावाचे दुसरे गृहस्थ होते. ओळख अशी लिहिली होती की वाचक क्षणभर गोंधळावा, पण एकही शब्द खोटा नव्हता. एप्रिल फूलच्या दिवशीसुद्धा लेखाच्या पानावर खोटं घातलं तर तो उत्पातच धरला जातो.

अजून एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. थापेबद्दलचा लेख आणि थाप असलेला लेख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीबीसीने १९५७ मध्ये झाडाला लागणाऱ्या स्पॅगेटीची बातमी दाखवली होती. त्यावर संदर्भांसह लेख असणं अगदी योग्य आहे. डिचोलीच्या बनावाबद्दलही तसं लिहिता येतं.

‘आम्ही फक्त व्यवस्थेची परीक्षा घेत होतो’ हे कारणही चालत नाही. ती परीक्षा द्यायला कोणी होकार दिलेला नसतो, आणि उत्तरपत्रिका तपासण्यात स्वयंसेवकांचे खरे तास जातात.

एक वाक्य कसं तपासायचं

समजा एखाद्या लेखातलं एक वाक्य खटकलं. पहिलं काम, तळटीप उघडणे. चारपैकी एक गोष्ट होते. दुवा मेलेला असतो. दुवा उघडतो पण त्यात हे विधान नसतं, आणि बनावात हेच जास्त आढळतं. विधान असतं, पण तो मजकूर विकिपीडियावरच्या वाक्यानंतर प्रसिद्ध झालेला असतो. किंवा सगळं ठीक असतं. दुवा मेला म्हणून लगेच थाप ठरवू नये. जुनी पानं साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर तोच पत्ता आधी टाकून पाहावा. छापील पुस्तक असेल तर ग्रंथालयांच्या सूचीत ते आहे का, तेवढी पानं त्याला आहेत का, हे पाहता येतं. २२० पानांच्या पुस्तकातल्या ३४१ व्या पानाचा हवाला दिलेला असेल, तर पुढे फारसं विचारायला नको.

दुसरं काम, ते वाक्य पानावर कधी आलं हे शोधणे. हजार बदल झालेल्या पानावर एकेक बदल पाहत बसण्याची गरज नाही. इतिहासाच्या मधोमधची आवृत्ती उघडा. वाक्य तिथे असेल तर ते त्याआधी आलं, नसेल तर नंतर. उरलेल्या निम्म्याचा पुन्हा मध्य घ्या. हजार बदलांसाठी अशा दहा पायऱ्या पुरतात. ‘विकिब्लेम’सारखं साधन हेच काम आपोआप करतं. मधल्या काळात वाक्य पुसलं जाऊन परत आलेलं असेल तर ही रीत चकवते. तसं वाटलं तर त्या काळातले सारांश नजरेखालून घालावेत.

नेमका बदल सापडला की तीन गोष्टी दिसतात. तारीख, जी संदर्भाच्या तारखेशी ताडायची. सदस्य, ज्याची इतर योगदानं पाहायची, कारण थाप मारणारा सहसा एकाच जागी थांबत नाही. आणि सोबत आणखी काय बदललं होतं ते. खरी दुरुस्ती करताना बाजूला एक आकडा हळूच फिरवणं ही जुनी युक्ती आहे.

तिसरं काम, बाहेर शोध घेणे, पण तो लेख तयार होण्याच्या तारखेच्या आधीपुरता. पुस्तकांच्या शोधयंत्रात वर्षाची मर्यादा घालता येते. २०१२ मध्ये तयार झालेल्या लेखातला ‘१८९३ चा संशोधक’ २०१२ च्या आधी कुठल्याच पुस्तकात नसेल तर धोक्याची घंटा समजावी. हे काल्पनिक नाही. विजेच्या टोस्टरचा स्कॉटिश जनक म्हणून एका तरुणांच्या टोळक्याने आपल्याच मित्राचं नाव २०१२ मध्ये घुसवलं होतं, आणि ते २०२२ पर्यंत टिकलं. दुसऱ्या भाषांतल्या विकिपीडियांवरही तेच आहे, हा पुरावा धरू नये. ते लेख बहुधा याच लेखाचं भाषांतर असतात.

सापडल्यावर

सर्वांत नेहमीची चूक अशी होते: खोडसाळ सदस्याने ओळीने पाच बदल केलेले असतात, आणि आपण शेवटचा एकच उलटवतो. आता वरच्या ओळीत आपलं नाव दिसतं, पुढच्या गस्तकऱ्याला वाटतं कोणीतरी बघून गेलं, आणि उरलेले चार बदल पानात मुरतात. म्हणून आधी शेवटची चांगली आवृत्ती शोधावी, तिच्याशी आत्ताच्या आवृत्तीचा फरक पाहावा आणि थेट तिथपर्यंत मागे जावं. मध्ये कोणी चांगली भर घातली असेल तर ती हाताने परत घालावी.

सारांशात कारण लिहावं: ‘दिलेल्या संदर्भात हे विधान नाही’ एवढं पुरतं. शंका आहे पण खात्री नाही, तर ‘संदर्भ हवा’ ही खूण लावून चर्चा पानावर नेमकं काय तपासलं ते मांडावं. व्यक्ती हयात असेल आणि मजकूर बदनामीचा असेल तर खूण न लावता तो काढावाच. अख्खा लेखच बनावट वाटत असेल तर उघड थापेसाठी जलद हटवण्याची सोय आहे. डिचोलीसारख्या गुंतागुंतीच्या प्रकरणात मात्र हटवण्याची चर्चा मांडावी. इंग्रजी विकिपीडियावर ती साधारण सात दिवस चालते, आणि विषयाचे जाणकार बोलू शकतात. साप साप म्हणून भुई धोपटणंही टाळायला हवं. विचित्र वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी खऱ्या असतात, आणि नव्या माणसाचा पहिला लेख थाप म्हणून उडवला गेला तर तो परत फिरकत नाही.

थाप मारणाऱ्याला भाषण देऊ नये, त्याच्या चातुर्याचं कौतुक तर मुळीच करू नये. त्याला प्रेक्षक हवा असतो. त्याच्या चर्चा पानावर ठराविक साच्यातली शांत सूचना द्यावी, बदल चालूच राहिले तर प्रचालकांना, म्हणजे खाती रोखण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांना, कळवावं.

मग साफसफाई. बनावट नाव इतर लेखांत, याद्यांत, पुनर्निर्देशनांत (एका नावावरून दुसऱ्या लेखाकडे नेणाऱ्या पानांत) पसरलेलं असतं. ‘येथे काय जोडले आहे’ या दुव्यावर त्यांची यादी मिळते. विकिडेटा या सामायिक माहितीसाठ्यातली नोंद, कॉमन्स या चित्रसंग्रहातलं चित्र आणि इतर भाषांतले लेख वेगळे कळवावे लागतात. विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली असल्याने बाहेरच्या संकेतस्थळांवर त्याच्या प्रती असतात, आणि मूळ लेख गेल्यावरही त्या राहतात.

त्या प्रतींमुळेच अखेरचं एक काम विसरू नये. वर्षभराने कोणीतरी सद्हेतूने येणार, त्याला ‘विल्हेल्म’ची बातमी सापडणार आणि तो तळटिपेसह ते नाव परत घालणार. म्हणून जिथून मजकूर काढला, नेमक्या त्याच जागी संपादनाच्या चौकटीत, वाचकाला न दिसणारी एक ओळ टाकून ठेवावी: हे नाव अमुक तारखेला संदर्भाशिवाय आलं होतं, त्यानंतरच्या बातम्या इथूनच घेतलेल्या आहेत, परत घालण्याआधी चर्चा पान पाहावं.